किंवासाहेबांचा नांगर

ऑफिसात त्यांना सगळे किंवासाहेब म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे, उलट फोन उचलला की ते स्वतःच म्हणत, "हां, किंवा बोलतोय." आपली खोड लपवण्यात काही शहाणपण नाही, लोक ती आधीच पाहून बसलेले असतात, असं त्यांचं मत होतं.

खोड धंद्यातून आलेली. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एका लांबट खोलीत शाळकरी मुलांसाठी समानार्थी शब्दांचा कोश तयार होत होता, आणि तो इतकी वर्षं तयार होत होता की ज्या मुलांसाठी सुरू केला त्यांची मुलं आता शाळेत जायला लागली होती. खोलीत दोन टेबलं. एकावर मुख्य संपादकबाई, दुसऱ्यावर किंवासाहेब. खाली छपाईचं यंत्र सुरू झालं की वर टेबलावरची पेनं घरंगळत. इथे बसून दिवसभर एका शब्दाला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा जोडायचा, आणि संध्याकाळी खोलीला कुलूप लावून घरी जायचं. कुलूप खोलीला लागे, किंवासाहेबांच्या तोंडाला लागत नसे.

एकदा बायकोने कपडे वाळत घालायला दोरी आणायला पाठवलं. दुकानदारापुढे उभे राहून साहेब म्हणाले, "एक दोरी द्या. किंवा दोर म्हणा." दुकानदाराने दोन्ही काढून ठेवलं. मग साहेबांनी दोरी आणि दोर यांतला फरक समजावून दिला, ओघात सुतळी, काथ्या आणि दोरखंड आले, दुकानदाराने तेही काढले, मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, आणि शरमेपोटी काहीतरी घ्यायचं म्हणून साहेब पावशेर खिळे घेऊन घरी आले. बायकोने खिळे खणात ठेवले आणि स्वतः जाऊन दोरी आणली. ही गोष्ट साहेब स्वतःच चार लोकांत सांगत आणि सगळ्यांच्या आधी हसत.

लग्नाच्या वेळचा प्रसंग मात्र ते जरा जपून सांगत. मुलीचा हात मागायला ते एकटेच गेले होते. होणारे सासरे समोर बसलेले, मिशा भरघोस, नजर खालून वर मोजणारी. साहेबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मला तुमची मुलगी आवडते, किंवा..." आणि 'आवडते'पेक्षा नेमका शब्द सापडेना म्हणून थांबले.

"किंवा काय?" सासरे उठून उभे राहिले. "दुसरी बघून ठेवलीय की काय?"

तेवढ्यात मुलगी आतून आली आणि म्हणाली, "बाबा, त्यांचं तसंच आहे." त्या वाक्यावर लग्न तरलं. सासऱ्यांनी मुलगी दिली, पण तो 'किंवा' काही त्यांच्या मनातून गेला नाही.

सासूबाई गेल्यावर हेच सासरे जमीन पुतण्याच्या स्वाधीन करून लेकीकडे राहायला आले. सगळा जन्म शेतीत गेला असं ते सांगत. त्यांची लेक सांगे, "बाबांनी नांगर धरला तो फोटो काढण्यापुरता. बाकी वेळ झाडाखाली बसून दुसऱ्यांना हुकूम सोडायचे." हे ऐकून ते रागावत नसत. "हुकूम सोडायलाही अक्कल लागते," म्हणत, "ती जावईबापूंना नाही, म्हणून ते बोलतात जास्त आणि ऐकतं कुणी नाही."

असे एका घरात दोन बोलघेवडे जमले. सकाळी चहाच्या कपापासून भांडण सुरू व्हायचं ते रात्री खिडकी उघडी ठेवायची की लावायची इथवर चालायचं. शेजाऱ्यांना वाटे, यांचं हाडवैर आहे. पण म्हातारेबुवा दोन दिवस पुतण्याकडे गेले की किंवासाहेबांना जेवण गोड लागत नसे, आणि साहेबांना ऑफिसात उशीर झाला की म्हातारेबुवा काठी टेकत जिन्यापाशी येऊन उभे राहत. विचारलं तर म्हणत, "वाऱ्याला उभा आहे."

कोशाचं काम सरकत सरकत 'न'पाशी आलं आणि एके दिवशी साहेब 'नांगर'ची नोंद घरी घेऊन आले. घरात शेतकरी असताना ऑफिसात डोकं कशाला शिणवायचं, हा हिशेब. चष्मा चढवून त्यांनी वाचलं, "नांगर. हल, लांगल, सीर, औत."

"काय म्हणालात? लांगल?" म्हातारेबुवा खुर्चीत सावरून बसले. "हा शब्द तुम्ही आज ऑफिसात बसून बनवलात."

"बाबा, फार जुना शब्द आहे हो."

"मग म्हातारा होऊन मेला असेल. मेलेल्यांची नावं पोरांना कशाला पाठ करायला लावता?"

"बरं, औत तरी चालेल?"

"औत म्हणजे बैलांनी ओढायचं काहीही. कुळव धरला तर तोही औतच."

"पण मग नांगरही औतच झाला ना?"

"झाला."

"मग लिहू?"

"अजिबात नाही."

पुढे अर्थ आले. जमीन उकरण्याचं अवजार, इथे एकमत झालं. जहाज थांबवायला पाण्यात टाकतात तोही नांगर, हे वाचल्यावर म्हातारेबुवांनी कपाळावर हात मारला आणि आमच्या शेतात जहाज कुणी आणलं म्हणून विचारलं. 'घरावरून नांगर फिरवणे' हा वाक्प्रचार त्यांना पसंत पडला, पण त्याचं उदाहरण म्हणून जावयाचं नाव घालावं अशी त्यांची अट होती. हे भांडण दिवसचे दिवस चाललं. साहेब ऑफिसातून पुस्तकांचे आधार काढून आणत, म्हातारेबुवा झाडाखालच्या अनुभवाचे आधार देत, आणि संपादकबाई विचारत, "साहेब, नांगर अडकलाय का कुठे?" साहेब म्हणत, "खडक लागलाय, बाई." ते दिवस साहेबांच्या आयुष्यातले फार सुखाचे होते, तेव्हा कळलं नाही इतकंच.

एका सकाळी चहा घेताना म्हातारेबुवांनी बोट उंचावलं. रात्रभर विचार करून त्यांनी काहीतरी बिनतोड मुद्दा काढला असावा, चेहराच सांगत होता. "नांगर म्हणजे," ते म्हणाले, आणि थांबले. किंवासाहेबांना वाटलं, शब्द शोधतायत. म्हणून त्यांनी सवयीने दोन-तीन सुचवले. मग म्हातारेबुवांच्या हातातला कप कलंडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडलेला, पाय काठीवर कसाबसा चालणारा, डोळे मात्र पहिल्यासारखे तल्लख. समोरच्याचं सगळं कळत होतं. पण तोंडातून एकच शब्द निघे. 'नांगर'.

पाणी हवं असलं तरी नांगर. पंखा बंद करा, नांगर. लेकीच्या डोक्यावरून डावा हात फिरवतानाही नांगर. डॉक्टर म्हणाले, असं होतं, झटका आला तेव्हा जो शब्द तोंडात असेल तोच कधी कधी मागे राहतो. पुढचे काही महिने महत्त्वाचे, परत यायचं ते बहुतेक तेवढ्यात येतं, नंतर अवघड. हे ऐकल्यापासून किंवासाहेबांना झोप लागेना. नांगर त्यांनी घरात आणला होता. ते बायकोला म्हणाले, "आम्ही पाण्यावर वाद घालत असतो, तर निदान बाबांना पाणी तरी मागता आलं असतं." बायकोला हसावं की रडावं कळेना.

पण मग त्यांच्या मनात आलं की जगात कुणाला हे काम जमणार असेल तर आपल्यालाच. आजवर आपण कुणाच्या काही कामी आलो नाही. ही खोड देवाने दिली ती याच दिवसासाठी. शब्द हरवलेत? आपल्याकडे पोत्यांनी आहेत. त्यांनी बाही वर सारली आणि कामाला लागले.

म्हातारेबुवांनी खिडकीकडे बोट करून "नांगर" म्हणायचा अवकाश, साहेब हजर. "खिडकी? गवाक्ष? झरोका? उजेड? प्रकाश? ऊन? ऊन जास्त होतंय? वारा? वायू? समीर?" म्हातारेबुवा मान हलवत. साहेब आणखी शब्द काढत. म्हातारेबुवा ओठ हलवून काहीतरी जुळवायला लागत, तोवर साहेबांचे पुढचे चार येऊन पडत. शेवटी लेक येई, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला चष्मा उचलून बापाच्या नाकावर ठेवी आणि काही न बोलता निघून जाई.

एक दिवस म्हातारेबुवांनी डाव्या हाताने ताटली भिरकावली. दुसऱ्या दिवशी भिरकावली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी काही मागितलंच नाही. 'नांगर'सुद्धा कमी कमी होत गेला. नुसते बसून राहत, भिंतीकडे बघत. आता तो शब्दही गेला तर घरात राहतं काय, अशी भीती किंवासाहेबांना वाटू लागली.

मग वाचा शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. लहानखुऱ्या होत्या, खांद्याला त्यांच्याहून मोठी पिशवी, पिशवीत चित्रांचे पत्ते. पहिल्या दिवशी त्यांनी कोपऱ्यात बसून साहेबांची शिकवणी पाहिली. साहेबांनी पाहुण्यांसमोर जरा जास्तच जोर लावला. संपल्यावर त्यांना कौतुकाची अपेक्षा होती.

"काका," बाई म्हणाल्या, "आजोबा शब्दापर्यंत पोचतायत, आणि दर वेळी तुम्ही आधी जाऊन दार लावताय."

"मी तर मदत, किंवा..."

"हेच. ते शब्द शोधत असतील तेव्हा तुम्ही थांबायचं. तोंड मिटून. कितीही वेळ लागू दे. तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी."

किंवासाहेबांना गप्प बसवणं म्हणजे चालू नळाच्या तोंडाला बोट लावणं, हे बायकोला माहीत होतं. बाजूबाजूने पाणी येणारच. पण या वेळी माणूस खरंच घाबरलेला होता. त्यांनी लिमलेटच्या गोळ्यांची बरणी आणली. तोंडात गोळी ठेवायची आणि ती चघळून संपेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत.

आता इथे त्यांची अक्कल आडवी आली. बाईंनी सांगितलेलं साधं होतं: आजोबा शब्द शोधत असतील तेव्हा थांबा. पण एखाद्या गोष्टीचा अर्थ जिथे संपतो तिथे थांबणं साहेबांना आयुष्यात जमलेलं नव्हतं. ते तो ताणत गेले. शोधत असताना थांबायचं, तर शोधायच्या आधीही थांबलेलं बरं, कारण कधी शोधायला लागतील काय सांगावं. मग शोधून दमल्यावरही थांबावं, त्यांना विसावा हवा. असं करत करत त्यांनी सासऱ्यांसमोर बोलणंच सोडलं. सकाळचा चहा मुकाट्याने. वर्तमानपत्र मुकाट्याने. खिडकी उघडी राहिली तर उघडी, लावली तर लावली, दोन्हीकडून विरोध नाही. एरवी पर्यायांशिवाय श्वास न घेणारा माणूस मान हलवून कामं भागवू लागला, आणि मनातल्या मनात स्वतःवर बेहद्द खूश झाला. आपण एवढे गप्प राहू शकतो हे त्यांना स्वतःलाच नवीन होतं. ऑफिसातही तोंडात गोळी असे. संपादकबाईंनी काळजीने विचारलं, "साहेब, दात काढलेत का?"

घरी बायको एक दिवस वैतागली. "अहो, या घरात एकाची वाचा गेलीय की दोघांची? तुम्ही बोलत नाही, मग ते कुणासाठी बोलतील?"

साहेबांनी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, 'बाईंनी सांगितलंय.' बायकोने तो कागद वाचला, नवऱ्याकडे पाहिलं आणि कणकेचे हात धुवायला आत गेली.

म्हातारेबुवांमध्ये काही फरक नव्हता. बाई आल्या की पत्त्यावरचं चित्र बघत, ओठ हलवत, घामेघूम होत, आणि सोडून देत. बाई जाताना दारात लेकीशी हलक्या आवाजात बोलत. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत आले होते. साहेबांना ते ऐकू येई, आणि ते आणखी एक गोळी तोंडात टाकत.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी ते सासऱ्यांच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसून 'न'ची छापून आलेली पानं तपासत होते. संपादकबाईंनी निक्षून सांगितलं होतं की आता हे पान उद्या परत आलंच पाहिजे, नाहीतर 'नांगर' सोडून कोश छापला जाईल. साहेबांनी नोंद पुन्हा वाचली. 'लांगल' खोडला. पुन्हा लिहिला. 'औत'पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मनात एवढं साठलं होतं, पण समोरच्या माणसाला त्रास नको म्हणून ते खाली मान घालून गोळी चघळत राहिले.

खुर्चीतून डावा हात पुढे आला आणि पान ओढलं गेलं. म्हातारेबुवांनी ते मांडीवर घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं, मग बोट नोंदीवर ठेवलं.

"नांगर," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी.

किंवासाहेबांनी मान हलवली.

"नांगर," म्हातारेबुवांनी बोटाने कागदावर टकटक केलं. चेहरा लाल झाला. दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. ओठ जवळ आले, सुटले, परत जवळ आले. साहेबांनी पाहिलं, ओठ 'ब'साठी मिटलेत. लागलीच त्यांच्या दातांमागे गर्दी झाली. बैल. बांध. बी. बियाणं. बेणं. एकेक शब्द जिभेवर उभा राहून ढकलत होता, आणि हा माणूस दोन्ही हातांनी स्टूल धरून बसला होता. एवढे कष्ट त्यांनी आयुष्यात कधी केले नव्हते.

"ब," म्हातारेबुवा म्हणाले. थांबले. घाम पुसला. "बो."

आता साहेबांच्याही डोक्यातलं सगळं संपलं. 'बो'पासून शेतीतलं त्यांना काही आठवेना. त्यांनी आठवणं सोडून दिलं आणि फक्त सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बोला," म्हातारेबुवा म्हणाले.

साहेब दचकले. म्हातारेबुवाही दचकले असावेत. मग त्यांनी काठी जमिनीवर आपटली, जणू शब्द निसटून जाईल अशी भीती होती, आणि पुन्हा म्हणाले, "बोला. बोला की."

तेव्हा किंवासाहेबांना कळलं. इतके आठवडे म्हातारा पाण्यासाठी, चष्म्यासाठी शब्द शोधत नव्हता. ते तर लेक न सांगता आणून देत होती. त्याला भांडायला माणूस हवा होता, आणि समोरचा माणूस गोळी चघळत बसला होता. साहेबांना भडभडून आलं. आपण काय करून बसलो, असं त्यांना वाटलं, आणि त्याच वेळी आनंदही मावेना. गोळी त्यांनी हातावर काढली. आता ती कुठे ठेवायची हे न कळून मुठीतच धरली.

"काय बोलू, बाबा?"

म्हातारेबुवांनी पान पुढे केलं.

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. "नांगर. हल..." पुढचा शब्द वाचायच्या आत काठी पुन्हा आपटली.

"च," म्हातारेबुवा म्हणाले. साहेब थांबले. या वेळी थांबणं जड गेलं नाही. म्हातारेबुवांनी डोळे मिटले, मान ताणली, आणि मिशा थरथरल्या. "चूक!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. "कोण बोललं?" बायको ओरडली. "अहो, आत्ता कोण बोललं?"

"बाबा," किंवासाहेब म्हणाले. डोळ्यांतलं पाणी आता नाकापर्यंत आलं होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. "बाबा म्हणतात, मी चूक आहे."

ती दारात येऊन उभी राहिली. हातांवर साबणाचा फेस होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. म्हातारेबुवांनी पानावर बोट ठेवून, तोंड वाकडं होतं तेवढं सगळं वाकडं करून, लेकीला नीट सांगितलं, "चूक."

"मग असाल तुम्ही चूक," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तशीच ओल्या हातांनी खाली फरशीवर बसून रडायला लागली.